कुणी हात लावलाय काय?

रिकाम्या बाथरूमच्या दारावर टकटक करून मगच आत जाणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. दार सताड उघडं असायचं, आतला दिवा त्यांनी स्वतःच लावलेला असायचा. तरी ते बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचे, क्षणभर थांबायचे, चपला बाहेर काढायचे आणि मग उंबऱ्यावरून पाय आत टाकायचे.

"आप्पा, आत कोण न्हाय," आमची ही दर वेळी सांगायची.

"असूं द्या वैनी. दुसऱ्याची न्हाणी हाय."

टिळकवाडीत आमची आठ फ्लॅटची इमारत आहे. तिथलं आणि आजूबाजूच्या पाच-सहा इमारतींतलं नळाचं सगळं काम वीसेक वर्षं त्यांनीच केलं. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. मीही म्हणायचो, जरी ते माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान आहेत. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. ते का, हे पुढे येईल.

ते वडगावचे, मूळचे विणकर. घरचे माग बंद पडले तेव्हा चाळिशीला आले होते. मेव्हण्याच्या हाताखाली वर्षभर पाइप उचलले आणि मग स्वतः कामं घेऊ लागले. हत्यारांसाठी त्यांनी पेटी कधी विकत घेतली नाही. मागावरचे धोटे ठेवायची जुनी लाकडी पेटी होती, तिलाच कडी बसवली. पान्ह्यांच्या खाली दोन धोटे अजून तसेच पडलेले असत. मी एकदा विचारलं, हे कशाला वागवताय? तर म्हणाले, "पेटी त्यांची हाय, सायब. पान्हे मागनं आल्यात."

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे जमिनीवरच्या जाळीत फडक्याचा बोळा बसवायचा. "स्क्रू जाळीत गेला की माझी अक्कलबी त्याच्याबरोबर गेली." मग पंचा पसरायचा आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे मांडत जायचं. परत बसवताना उजवीकडून डावीकडे. मध्ये कोणी पंच्याला पाय लावला तर त्या दिवशी ते आणखी एक शब्द बोलत नसत.

पण हे सगळं नंतर. त्याआधी एक प्रश्न ठरलेला. नळाकडे बघत, घरच्या माणसाकडे न बघता ते विचारायचे, "कुणी हात लावलाय काय?"

या प्रश्नाला आमच्या इमारतीत कोणी कधी खरं उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. नळाला स्वयंपाकघरातली सांडशी लावलेली असायची, स्क्रूचं डोकं सुरीनं खरवडून गुळगुळीत झालेलं असायचं, एकदा तर एका गृहस्थांनी गळक्या सांध्याला कणीक थापली होती. आणि सगळे म्हणायचे, "छे, कोण हात लावणार?" आप्पा मान हलवायचे आणि कामाला लागायचे. कणीकही त्यांनी निमूटपणे खरवडून काढली.

काम झालं की ते खिशातून जुन्या कॅलेंडरच्या पानाची बोटभर रुंद पट्टी काढून सांध्याखाली अडकवून ठेवायचे. चहा त्यानंतर. चहा संपला की पट्टी काढून दोन्ही बाजूंनी बघायचे आणि घरच्यांच्या हातात द्यायचे. "कोरडं हाय. ठेवा." आमच्या हिच्या पोथीत अशा चार पट्ट्या खुणेसाठी घातलेल्या होत्या. काढलेला जुना भागही ते कधी स्वतः फेकत नसत. तोही घरमालकाच्या हातात द्यायचा. "बघून घ्या, मग टाका."

त्यांचा आणखी एक नेम होता. एका घरच्या न्हाणीत जे दिसलं ते दुसऱ्या घरी निघायचं नाही. कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना खोदून खोदून विचारलं होतं, शेजारच्यांनी बाथटब बसवलाय म्हणतात, खरं काय? आप्पा म्हणाले, "पाणी येतंय त्यांच्याकडं." एवढंच. सुभेदार माझ्या ओळखीचे. ते मला म्हणाले, फौजेत असा माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं.

आता कामाच्या रीतीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्याचंच सांगायचं आहे.

शॉवरचा कॉक भिंतीत पुरलेला असतो. आत पितळेचं घर, त्याला हे लोक बॉडी म्हणतात, आणि त्यात अंगठ्याएवढं एक नळकांडं, कार्ट्रिज. गरम आणि गार पाण्याचा मेळ ते घालतं. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षारांचं. पाच-सहा वर्षांत ते नळकांडं त्या घरात असं बसतं की दोन्ही एकाच वेळी ओतल्यासारखी वाटावीत. मग बहुतेक कारागीर छिन्नी काढतात, चार टाइल फोडतात आणि सगळंच बदलतात. आप्पांनी त्यासाठी कधी टाइल फोडली नाही.

ते आधी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्या तोंडाला गुंडाळायचे आणि बाहेर येऊन बसायचे. "तासभर त्याला एकट्याला सोडा." मग नखभर डावीकडे, नखभर उजवीकडे. पुन्हा फडकं. मग दांड्याच्या टोकाला, जिथे मूठ बसते, तिथे एक लांब स्क्रू अर्धा फिरवायचे आणि त्याच्या डोक्यामागे दोरीचा फास टाकायचे. भिंतीला दोन लाकडी ठोकळे टेकवून त्यांवर आडवी काठी ठेवायची, दोरी काठीवरून घ्यायची, तिच्या दोन पदरांमध्ये छोटी कांडी घालायची आणि पीळ द्यायचा. अर्धा पीळ, की थांबायचं. कान लावायचा. पुन्हा अर्धा. दोरी आखडत जायची आणि ते नळकांडं सरळ, जराही तिरकं न होता, बाहेर यायला लागायचं. कधी एक तास, कधी तीन.

खडेबाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. व्यापारी दुकानात जायच्या घाईत. म्हणाले, "तोडा की आप्पा, टाइल मी आणून देतो." आप्पांनी दोरी सोडली, पेटीत ठेवली आणि कडी लावली.

"काय झालं?"

"टाइल तुमची हाय. हात माझा हाय."

व्यापारी तासभर थांबले. दुकान उशिरा उघडलं.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं काढली, शेवटची पंधरा सुपरवायझर म्हणून. ओतून आलेला भाग हातोडीनं वाजवायचा आणि आवाजावरून तडा आहे की नाही ते सांगायचं, यात माझी चूक होत नसे. निवृत्त झाल्यावर इमारतीत लोखंड, पितळ, बीड असा काहीही विषय निघाला की माझा शब्द शेवटचा मानला जायचा. पुढे जे झालं ते या शब्दाच्या वजनामुळे झालं, म्हणून सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या शॉवरचा कॉक फिरेनासा झाला. ही दोन दिवसांसाठी निपाणीला बहिणीकडे निघाली होती. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पांना फोन करा. तुम्ही हात लावू नका."

"मी फौंड्रीत काय भाजी निवडत होतो?"

"म्हणूनच सांगते."

तिची बस सुटली असेल नसेल, तोच मी पान्हा काढला. मूठ काढली, भिंतीवरची चकती काढली, आत पांढऱ्या क्षारांचं कवच. आप्पांची दोरी म्हणजे त्यांची हौस, नळकांडं जुन्या पितळी नळासारखं आट्यांवर बसलेलं असणार असं मी धरून चाललो. ते तसं नसतं. ते एका पिनेनं अडकवलेलं असतं, केसांच्या पिनेसारखी दुमडलेली छोटी पितळी पिन. ती काढायची आणि नळकांडं सरळ ओढायचं, जोरानं फिरवायचं नाही. माझी पिन क्षारांखाली बुजली होती आणि मी ती शोधलीही नाही. पान्हा लावला. फिरेना, तेव्हा पान्ह्याच्या दांड्यात दोन फुटी पाइप घातला आणि अंगाचा भार दिला.

भिंतीच्या आत बारीक आवाज झाला. टक्.

तो आवाज मी पस्तीस वर्षं ओळखत आलो होतो. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की तो क्षारांचा आहे. मूठ आणि चकती परत लावली, पान्हा पुसून ठेवला आणि सकाळी आप्पांना फोन केला.

आप्पा आले. टकटक. चपला. बोळा, पंचा. मग कॉककडे बघत त्यांनी विचारलं, "कुणी हात लावलाय काय?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यांनी चकती काढली. नळकांड्याच्या कडेवर माझ्या पान्ह्याचे दात उमटले होते, ताजे, पिवळे चकचकीत. ते आंधळ्यालाही बोटानं कळले असते. आप्पांनी मान हलवली. शर्टाच्या पट्टीला खोचलेली सुई काढून क्षार खरवडले, पिन मोकळी केली आणि दोन तासांत नळकांडं दोरीच्या पिळानं बाहेर काढलं. मग ते माझ्या तळहातावर ठेवलं, दातांची बाजू वर करून, आणि माझी बोटं त्यावर मिटवली. या वेळी "बघून घ्या" म्हणाले नाहीत.

नवीन बसवून झाल्यावर पट्टी लावली. कोरडी निघाली. पण ती त्यांनी मला दिली नाही, घडी करून स्वतःच्या खिशात घातली.

"सायब, बॉडीला ताण बसलाय. चार टाइल काढून बघायला पायजेत."

टाइल न फोडण्याचा ज्यांना अभिमान, ते आपण होऊन फोडू या म्हणत होते. याचा अर्थ न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो.

"वैनी कवा येणार?"

"उद्या."

"मग आजच काढू. सांजंला लावून देतो. कळायचंबी न्हाय."

कळायचंही नाही, असं त्यांनी म्हटलं. इतकी सोपी वाट त्यांनी मला करून दिली होती. पण मी हो म्हटलं असतं तर तडा मी पाडला हे कबूल केल्यासारखं झालं असतं. "पट्टी कोरडी आहे ना? मग झालं," मी म्हणालो. ते गेले. ते नळकांडं मी त्याच दिवशी उद्यमबागेत जाऊन भंगारात टाकलं.

तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या खाली शाळेतल्या एक बाई राहतात, त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. लग्नाच्या साड्या भिंतीतल्या कपाटात, आणि ती भिंत म्हणजे नेमकी माझ्या पाइपाखालची. पाणी किती दिवस झिरपत होतं कोण जाणे. साड्या चिंब. सगळी इमारत जिन्यात जमली. कोणीतरी आप्पांना बोलावून आणलं.

आप्पा आले ते पाइपाकडे गेलेच नाहीत. आक्का रडत रडत एक पिवळी साडी पिळत होत्या. आप्पांनी ती त्यांच्या हातातून घेतली. "पिळू नका आक्का, पिळू नका. जरीचा काठ मोडंल. सावलीत घाला." आणि जिन्याच्या कठड्यावर ते एकेक घडी उलगडायला लागले. पायरीवर उकिडवे बसले होते, साडीचा काठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून.

"काम केलं होतं कोणी?" शेजारच्या एकानं विचारलं.

"आप्पांनीच," मी म्हणालो. "गेल्याच महिन्यात."

इथपर्यंत खरं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, फौंड्रीच्या माणसाकडे, आणि माझ्या शेजारी ही उभी होती, जिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी पुढे म्हणालो, "विणकराला पितळेतलं काय कळतंय?"

कोणीतरी हसलं. आक्का आप्पांकडे वळल्या आणि तोंडाला येईल ते बोलल्या. ते इथे लिहीत नाही. आप्पांनी हातातला काठ सोडला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय. काम मीच केलतं."

दोन दिवस त्यांनी माझी भिंत फोडली, चिरलेली बॉडी काढली, दुसरी बसवली, टाइल परत लावल्या. सांधा कुठे आहे ते आज मलाही ओळखता येत नाही. आत येताना टकटक केली. पण तो प्रश्न विचारला नाही. चकती बसवायच्या आधी बराच वेळ माझ्याकडे पाठ करून काहीतरी करत होते. मला त्या पाठीकडे बघवत नव्हतं, मी बाहेर येऊन पेपर उघडला.

त्यानंतर आमच्या इमारतीत त्यांना कोणी बोलावलं नाही. मग शेजारच्या इमारतीतही नाही. दीड-दोन वर्षांनी खडेबाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभा असताना मी सहज विचारलं, वडगावचे ते आप्पा हल्ली दिसत नाहीत? दुकानदार म्हणाला, "ते विणकर? त्यांना पितळेतलं काय कळतंय म्हणतात." माझं वाक्य होतं, शब्दाला शब्द. माझ्या तोंडून निघून ते माझ्या आधी बाजारात पोचलं होतं. मी वॉशर घेतला आणि घरी आलो.

गेल्या महिन्यात शॉवर पुन्हा अडकला.

"आप्पांना बोलावू या काय?" मी चाचपून बघितलं.

"नको बाई," ही म्हणाली. "मागं काय करून ठेवलं ते विसरला काय?"

मी आता शहात्तर वर्षांचा आहे. गुडघा वाकत नाही. पण त्यांना करताना मी इतक्यांदा पाहिलं होतं की हात आपोआप त्या वाटेनं गेले. स्वतःच्याच बाथरूमच्या दारावर टकटक केली. जाळीत बोळा बसवला, पंचा पसरला, बादली पालथी घालून बसलो. मूठ काढली, डावीकडे ठेवली. चकती काढली, तिच्या शेजारी ठेवली.

आतमध्ये पांढऱ्या क्षारांत एक तांबडा ठिपका होता.

आधी मला गंज वाटला. सुईनं खरवडलं तर धागा निघाला. रेशमी धागा, क्षारांनी ताठ झालेला, पिनेच्या वळणाला बांधलेला, बारीक चपट्या गाठीनं. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ. अशा जागी बांधला होता की चकती काढल्याबरोबर नजर दुसरीकडे जाऊच नये.

आप्पांच्या नजरेतून पिन कधी सुटली नसती. त्यांना खुणेची गरज नव्हती. ज्याला पिन दिसली नव्हती त्याच्यासाठी ती खूण होती. ज्या माणसानं जिन्यात त्यांचं नाव घालवलं, त्याच्या भिंतीत त्यांनी ती बांधून ठेवली होती. पुन्हा त्यानंच हात लावला तर या वेळी काही फुटू नये म्हणून.

मग उठलो, लिंबूसत्त्वाचं फडकं गुंडाळलं, तासभर बाहेर बसलो. धागा न तोडता पिन काढली. ठोकळे, काठी, दोरी, कांडी. अर्धा पीळ, थांब. अर्धा पीळ, थांब. तिसऱ्या तासाला ते नळकांडं सुळकन माझ्या हातात आलं. मी ते उजेडात धरलं. कुठेही ओरखडा नव्हता. फौंड्रीत माझ्या हाताखालून हजारो भाग गेले, पण इतका अभिमान मला एकाचाही वाटला नाही. आणि तो माझ्या हाताचा नव्हता. मी एका उस्तादाचं काम जवळून पाहिलं होतं आणि ते माझ्या हातांनी धरून ठेवलं होतं, त्याचा होता.

आणून ठेवलेलं नवीन नळकांडं बसवून झालं तेव्हा ही आत डोकावली. टाइलवरून हात फिरवला. "एक कपचा उडाला नाही की. आप्पांना जमलं नाही ते तुम्हाला जमलं बघा."

तेव्हा मी सांगितलं. पान्हा, पाइप, तो आवाज, सगळं.

तिनं टाइलवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दोन दिवस भिंत लावत होते. मी त्यांना चहा विचारला नव्हता."

"माझ्यामुळं."

"मी विचारला नव्हता. आधी खाली जा. आक्कांना सांगा. मग माझ्याशी बोला."

आक्कांनी ऐकलं. मला वाटलं होतं रागावतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी त्या माणसाला पायरीवर बसवून नाही नाही ते बोलले. तुम्ही शेजारी उभं राहून ऐकत होता. ते शब्द आता मी कसे परत घेऊ, सांगा."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"रविवारी इमारतीची मीटिंग आहे. तिथं सांगा. मी पहिल्या खुर्चीत बसते."

बसल्या. टाकी धुण्याचा विषय संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. पूर्ण सांगितलं. एक तरुण शेजारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या काका, जुनं झालं आता."

"जुनं तुमचं झालं," आक्का म्हणाल्या. "बसा खाली."

दुसऱ्या दिवशी जुनं नळकांडं रुमालात बांधून वडगावला गेलो. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यावर शेजाऱ्याचा पंप उघडून बसले होते. पंचा पसरलेला, डावीकडून उजवीकडे. केस सगळे पांढरे. मला बघून उठले नाहीत, कारण मांडीवर स्प्रिंग होती.

"या सायब. पंच्याला पाय लावू नका."

सुनेनं पाणी आणलं. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. "इथं नको. न्हाणीतली गोष्ट हाय. होगली बिडरी." जाऊ द्या म्हणायचं असलं की ते कानडीत म्हणत.

"मला बोलायचंच आहे."

"मग तितं येतो. उद्या मंगळवारी. पट्टीबी लावून बघायला पायजे."

मी रुमाल सोडला. त्यांनी चष्मा लावला, नळकांडं दाराच्या उजेडात नेलं आणि सावकाश फिरवत बघितलं.

"पिन सरळ निघाली?"

"निघाली. धागा होता."

"कसला धागा?" ते म्हणाले आणि नळकांड्याकडेच बघत राहिले. मग सुनेला हाक मारली. "हे बघ गं. सायबांनी काढलंय. एकबी दात न्हाय लागलेला."

त्यांच्या आवाजातला अभिमान तिला कळला की नाही, माहीत नाही. मला कळला. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

जाताना म्हणालो, "हे सगळं लिहून काढणार आहे, आप्पा. आठ घरांत सांगून भागणार नाही. माझं ते वाक्य आठ घरांपुरतं राहिलं नव्हतं."

"लिवा. पर नाव घालू नका. माझं न्हाय, आक्कांचं न्हाय, कुणाचंच न्हाय. दुसऱ्याची न्हाणी हाय."

"माझीच आहे की न्हाणी."

"वैनींचीबी हाय."

मंगळवारी आले. धोट्यांची पेटी आणली होती. आक्का जिन्यातच थांबलेल्या. त्या काही बोलायच्या आधी आप्पांनी विचारलं, "आक्का, त्या पिवळ्या साडीवर हिरवा रंग उतरलता, गेला काय?"

"नाही गेला," आक्का म्हणाल्या. "लेक तशीच नेसते. सोडत नाही."

"सोडू नये. हातमागाची हाय."

आक्कांनी त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि आमच्या दारापर्यंत स्वतः धरून आणली.

बाथरूमचं दार उघडं होतं, दिवा लावलेला होता. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत कोणी नाही, असं ती या वेळी म्हणाली नाही. आप्पांनी पेरानं दोनदा वाजवलं. थांबले. चपला काढल्या. आत गेले, जाळीत बोळा बसवला आणि कॉककडे बघत, माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी हात लावलाय काय?"

"मी लावलाय, आप्पा," मी म्हणालो. "तवाबी मीच लावलता."

त्यांनी मान हलवली. सगळ्यांच्या उत्तराला हलवायचे तशीच. मग खिशातून कॅलेंडरच्या पानाची पट्टी काढून सांध्याखाली अडकवली आणि बाहेर आले.

"वैनी, चहा टाका."

चहा हिनं आधीच टाकला होता. दोनदा प्याले. बोलणं वडगावच्या पाण्याचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं. मग ते उठले, आत गेले, पट्टी काढली आणि खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी बघितली. या वेळी घडी केली नाही. बाहेर येऊन ती माझ्या हातात दिली.

"कोरडं हाय, सायब. ठेवा."